ॲल्युमिनियम की पोलाद

कतीफ,
शुक्रवार, १२ एप्रिल १९९१

सकाळी साडेसहाला उठलो. शुक्रवार म्हणून ड्यूटी नाही. पाण्याची टाकी भरून घेतली, दाढी केली. काल धुतलेला पांढरा शर्ट दोरीवर होता, त्यावर पुन्हा काळे ठिपके पडले होते. कुवेतच्या तेलविहिरी अजून जळतायत, वारा उत्तरेचा असला की असं होतं. रमजान चालू आहे, दुपारपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अकराला आमच्या हॉस्पिटलातल्या रेखा सिस्टर येऊन गेल्या. उद्या संध्याकाळच्या विमानाने त्या सुट्टीवर निघतायत. मिरजेला घरी जाण्याआधी विट्याला उतरून पत्र तुझ्या हातात देतील. टपालात घालण्यासारखं हे पत्र नाही, म्हणून आजच लिहायला हवं.

प्रिय सुनीता,

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर मी चि. सौ. सुनीता असं लिहिलं. आता सौ. लिहिता येत नाही, आणि नुसतं चि. लिहून पुढची जागा मोकळी सोडायला हात धजत नाही. दोन कागद त्यातच गेले. शेवटी प्रिय लिहिलं. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला असं लिहायची आपल्यात रीत नाही, पण चालवून घे.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. माझं पत्र आलं की आई पदर सावरून पाटावर बसते, शेजारच्या काकू येतात आणि तू मोठ्याने वाचतेस, ते मला ठाऊक आहे. या वेळी रेखाबाई नुसती खुशाली सांगून गेल्या असं सांग, आणि माडीवर जाऊन एकटीने वाच.

उल्हास गेल्यापासून तुझी तीन पत्रं आली. पहिल्या दोन्हींत एकच प्रश्न होता. ‘दादा, त्यांना खरंच हार्ट अटॅक आला होता का? हो की नाही एवढंच कळवा.’ दोन्ही वेळा मी हवापाणी लिहिलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं, आणि हो किंवा नाही काहीच लिहिलं नाही. तिसरं पत्र परवा मिळालं. आज उत्तर देतो. मात्र माझ्या क्रमाने देऊ दे. एकदम शेवटचं आधी सांगायला गेलो तर हा कागदही फाडून टाकीन.

जानेवारीत इथे काय होतं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. सतरा तारखेला लढाई सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत इराकची रॉकेटं धहरानच्या बाजूला पडायला लागली. धहरान इथून फार लांब नाही. भोंगा वाजला की सगळ्यांच्या मनात एकच, यात गॅस असेल का. आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि नर्सेसना मास्क मिळाले. आम्ही कॉन्ट्रॅक्टरची माणसं, म्हणजे मेंटेनन्स, लॉण्ड्री, बॉयलर, किचन मिळून चौतीसजण. आमच्यासाठी अकरा मास्क आले, आणि ते भाऊसाहेबांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या कॅम्पचे इनचार्ज, श्रीरामपूरकडचे, पूर्वी साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. आवाज मोठा, पोट मोठं, बोलणं तिरकस. कुणी मास्क मागितला की म्हणायचे, ‘तुला कशाला? तुझं तोंड बघून गॅसच परत जाईल.’ मास्कच्या ऐवजी त्यांनी एक सर्क्युलर काढलं. प्रत्येकाने भोंगा झाला की आपल्या खोलीत जाऊन बसायचं, आणि त्यासाठी क्वार्टर्समधल्या सगळ्या खोल्या प्लॅस्टिक आणि टेप लावून बंद करण्यात आल्या. अठरा खोल्या होत्या.

बावीस जानेवारीला, मंगळवारी, उल्हासला ताप होता. त्याच्या खोलीतला जोडीदार बॉयलरवर ड्यूटीला होता, त्यामुळे हा एकटाच होता. संध्याकाळी अंधार पडताना भोंगा झाला. मी हॉस्पिटलच्या तळघरात जनरेटरपाशी होतो. त्या दिवशी लाइट तीनदा गेली, ऑपरेशन चालू होतं, मला जागा सोडता आली नाही. ऑल क्लिअर झालं तरी सोडता आली नाही. सकाळी साडेसहाला मी त्याच्यासाठी डब्यात पेज घेऊन गेलो. दार लावलेलं नव्हतं, पण टेपमुळे खांद्याने ढकलावं लागलं. तो कुशीवर झोपला होता, हात उशीखाली, लहानपणी झोपायचा तसा. मी पेज टेबलावर ठेवून त्याला हाक मारली.

दुपारपर्यंत कॅम्पभर बोलणं सुरू झालं. रॉकेटात गॅस होता, वाऱ्याने थोडा इकडे आला, मास्क असता तर उल्हास वाचला असता. कागदावर मात्र आलं की हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू. तो कागद भाऊसाहेबांनीच पोलिसांकडून आणि डॉक्टरकडून करून आणला. लोक म्हणाले, बघा, कपाटातले मास्क लपवायला केलं. मीही तसंच मानलं. त्या वेळी मला मानायला काहीतरी हवं होतं.

धहरानचा विमानतळ नागरी विमानांना बंद होता. इथे आपल्यासारखं दहन करता येत नाही, म्हणून त्याला घरी पाठवायचं तर विमान सुरू होईपर्यंत थांबायचं. त्रेचाळीस दिवस थांबलो. हे तुला कुणी सांगितलं नसेल, शवागाराचा कूलर मेंटेनन्सकडे आहे, म्हणजे माझ्याकडे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्याचं तापमान बघून तक्त्यावर लिहायचं आणि सही करायची. चार डिग्री पाहिजे. एखाद्या दिवशी पाच व्हायचं, तेव्हा कंप्रेसर उघडून बसायचो. रियाधहून पार्ट येत नव्हते म्हणून दुसऱ्या फ्रिजचा रिले काढून लावला. दरवाजा उघडायची मला गरज नसते, काटा बाहेरच आहे. मी एकदाच उघडला. त्रेचाळीस दिवसांच्या शहाऐंशी नोंदी आहेत, सगळ्यांवर माझी सही आहे. कुणी हे काम दुसऱ्याला दे म्हणालं नाही, आणि मीही म्हणालो नाही.

त्याच दिवसांत मी एक पिस्तूल घेतलं.

तुला हे विचित्र वाटेल. आपल्या घरात कधी उंदराचा सापळाही मी लावला नाही, उल्हासच लावायचा. पण मी अकरा वर्षं सांगलीला टूलरूममध्ये काम केलेला माणूस आहे. एखादी वस्तू घ्यायची ठरली की ती कशी घ्यायची एवढंच मला दिसतं, कशासाठी ते बाजूला राहतं. त्या दिवसांत मला बाजूला राहिलेलंच बरं होतं.

आमच्याकडे गोड्या पाण्याचा टँकर येतो. त्याचा ड्रायव्हर गुलरंग खान, पठाण, पेशावरच्या पुढचा. त्याच्या गावात म्हणे घरोघरी बंदुका बनवतात. तो म्हणायचा, ‘उस्ताद, हमारे यहाँ बच्चा पहले रेती पकड़ता है, निवाला बाद में।’ रेती म्हणजे आपली कानस. महिनाअखेरीस कुवेतच्या सीमेवर खफजीला लढाई झाली, त्यानंतर त्याचा टँकर तिकडे पाणी घेऊन जायचा, आणि इराकी सैनिक टाकून गेलेल्या वस्तू वाळूत पडलेल्या असायच्या. त्याच्या टँकरचा पंप बसला होता. मी म्हणालो, पंप नवा करून देतो, मला एक लहान पिस्तूल पाहिजे, कपड्याखाली दिसणार नाही असं.  तो म्हणाला, ‘किसके लिए, वो मत बताना। मुझे बंदे से क्या, मुझे पंप से मतलब।’

इथे परदेशी माणसाकडे असलं काही सापडलं तर काय होतं ते तुला लिहीत नाही. ते मला माहीत होतं एवढंच लिहितो.

फेब्रुवारीच्या मध्याला त्याने तीन आणली. वर्कशॉपमध्ये बाकावर रुमाल अंथरून मांडली, जसा साडीवाला घड्या मांडतो. एक मोठं होतं, बेल्जियन पद्धतीचं, गोळ्या जास्त मावणारं. ते मी लगेच बाजूला केलं. तसलं लपत नाही, आणि जास्त गोळ्यांची मला गरज नव्हती. उरली दोन. एक इटालियन घडणीचं, अंगाने चपटं आणि खूप हलकं. हातात घेतल्यावर कळलं की त्याची फ्रेम, म्हणजे ज्या सांगाड्यावर बाकीचं सगळं बसतं तो भाग, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. दुसरं रशियन घडणीचं, आखूड, सगळं पोलादाचं. गुलरंग म्हणाला, हलकं घ्या, दिवसभर खिशात राहिलं तरी कळणार नाही. मग स्वतःच हसला आणि म्हणाला, ‘लेकिन उस्ताद, हल्की चीज़ और हल्का आदमी, चलाते वक़्त दोनों उछलते हैं।’

मी दोन्ही खोलली. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पोलादाचा वरचा भाग सरकतो तिथे धातू खाल्ला गेला होता, नखाला लागत होतं. पोलादावर पोलाद सरकतं तिथे झीज झाली तरी सारखी होते, दगा देत नाही, हे आम्ही टूलरूममध्ये डायवर, म्हणजे साच्यांवर, रोज बघायचो. पोलादी पिस्तुलाचं फिनिशिंग ओबडधोबड होतं, आत कानशीचे वळ तसेच सोडलेले, पण जिथे माप पाहिजे तिथे होतं. मी व्हर्नियर लावला. लांबी एकशे एकसष्ट मिलिमीटर, जाडी तीस. रुमालात गुंडाळून फार्मसीच्या काट्यावर वजन केलं, पाऊण किलोला थोडं कमी. कोपरे गोल होते, काढताना कापडात अडकणार नाही असे. हेच घेतो म्हणालो. गुलरंगने बाकीची दोन गुंडाळली आणि विचारलं, ‘पक्का?’ मी म्हणालो, पक्का. मग आम्ही पंप उतरवला.

नंतरचे चार-पाच दिवस मी ते कुठे ठेवायचं यात घालवले. माझा खाकी कोट तू पाहिलेला नाहीस. त्याला आतून डाव्या बाजूला लांबट खिसा आहे, त्यात माझा व्हर्नियर त्याच्या पेटीत असतो. हॉस्पिटलात सगळे त्या फुगवट्याला ओळखतात. गेटवरचा पहारेकरी तर त्यावर टिचकी मारून विचारायचा, आज काय मोजणार. मी खिशाला कॅनव्हासचं अस्तर शिवलं, पेटी काढून तिथे पिस्तूल ठेवलं, आणि कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या. वाकलो, शिडीवर चढलो, आरशात बाजूने पाहिलं. वजनाने कोट डावीकडे ओढला जात होता, म्हणून उजव्या खिशात पाने ठेवले. पहारेकऱ्याने सवयीने टिचकी मारली आणि हसला. इतकं सगळं नीट जमलं होतं की मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

फेब्रुवारी संपताना लढाई थांबली. पाच मार्चला भाऊसाहेबांचा निरोप आला, उद्याच्या विमानात उल्हासची पेटी जाणार, सह्या करायला ये. मी कोट घातला आणि गेलो.

ते एकटेच होते. टेबलावर कागदांचे तीन गठ्ठे. मला बघून म्हणाले, ‘ये रत्नाकर, बस. चहा सांगितलाय.’ मी उभा राहिलो. ते म्हणाले, ‘उभ्याने सह्या वेड्यावाकड्या येतात, बस.’ मी बसलो. पिस्तूल बरगडीला लागलं. त्यांनी एकेक कागद पुढे सरकवला. दूतावासाचा, एअरलाइनचा, कफीलचा म्हणजे इथल्या मालकाचा. हृदयक्रिया बंद पडून, असं चार ठिकाणी होतं. मी विचारलं, हे असं का लिहून घेतलंत? माझा आवाज वेगळा आला असावा, कारण त्यांनी चष्मा काढला.

‘मास्कवरून लोक मला शिव्या घालतात ते मला ठाऊक आहे,’ ते म्हणाले. ‘घालू दे. अकरा मास्क आणि चौतीस माणसं. मी कपाट उघडलं असतं तर गॅस यायच्या आधी इथे सुऱ्या निघाल्या असत्या. कुणाला देऊ ते तू सांग, तसा देतो.’  मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू बोलले. त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. ‘त्या मिसरी डॉक्टरने चेहरा बघूनच ओळखलं. गाल लाल होते ना रे. तो म्हणाला, खोलीत हीटर होता का. पोलिसाने मला तीनदा विचारलं, खोली कुणी बंद केली. मी म्हणालो, त्याची त्याने. विचारलं, हीटर कुठून आला. म्हणालो, बाजारातून आणला असेल. खरं सांगितलं असतं तर तू आज आत असतास, आणि इथलं आत काय असतं ते तुला माहिताय. एक गेला. दुसरा तरी म्हातारीला राहू दे.’ आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. स्टोअरमधून घासलेटचा हीटर काढल्याची चिठ्ठी होती. तारीख एकवीस जानेवारी. सही माझी.

सुनीता, वर मी लिहिलं की खोल्या बंद करण्यात आल्या. त्या मी बंद केल्या. अठराच्या अठरा मी केल्या, आणि उल्हासची सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत चांगली केली. बाकीच्यांच्या खिडक्यांना नुसती टेप होती. त्याच्या खिडकीला मी फोम कापून बसवला, एसीच्या भोकाभोवती सिलिकॉन भरलं, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी ठोकली. तो पलंगावर बसून बघत होता. म्हणाला, ‘दादा, एवढी गच्च नको. माझं घोरणं तरी बाहेर जाऊ दे.’ मग वरच्या जाळीकडे बोट दाखवून म्हणाला, ती राहू दे की, हवेला. मी म्हणालो, गॅस काय दारावर टकटक करून येतो होय? आणि स्टुलावर चढून ती जाळीही बंद केली. आदल्या दिवशी त्याला थंडी वाजत होती म्हणून हीटर मीच आणून दिला होता. भोंगा झाल्यावर तो बंद कर, हे सांगायचं राहिलं. मला सुचलंच नाही. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत शेगडी ठेवू नये हे आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतल्या सुईणीलाही कळतं. मी डिप्लोमा इंजिनीअर. मला बाहेरून येणारा वायू दिसत होता, आतला नाही.

आणि मास्कने काही झालं नसतं. बंद खोलीत हीटर जळताना जो कार्बन मोनॉक्साइड होतो, तो त्या मास्कच्या गाळणीतून आरपार जातो. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी महिनाभर मास्क, मास्क करत भाऊसाहेबांचं नाव घेत राहिलो आणि ॲल्युमिनियम की पोलाद याचा विचार करत राहिलो. पिस्तुलाचा एकेक भाग मी जितका तपासला तितका त्या खोलीत एकदा उभा राहून तपासलं असतं तर तुला हे लिहायची वेळ आली नसती.

चहा आला. मी प्यालो. सगळ्या कागदांवर सह्या केल्या. भाऊसाहेब म्हणाले, चिठ्ठी फाड. मी ती घडी करून घेतली. उठताना त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. खाली कोट ओढलेला त्यांना जाणवला असेल की नाही, मला माहीत नाही. एवढंच म्हणाले, ‘कोट काढून ठेवत जा रे, गरम व्हायला लागलंय आता.’

दुसऱ्या दिवशी पेटी गेली. मी धहरानपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये बरोबर होतो. मला रजा मिळाली असती, भाऊसाहेब देत होते. मी घेतली नाही. तुझ्यासमोर आणि आईसमोर उभं राहून हृदयक्रिया म्हणायला मला जमलं नसतं. तुम्ही सगळ्यांनी मला धीर दिला असता. अंत्यसंस्काराला थोरला भाऊ नव्हता म्हणून गावात लोक बोलले, ते आईच्या पत्रातून कळलं. बरोबर बोलले.

पिस्तूल त्यानंतर सोळा दिवस माझ्याकडे होतं. भाऊसाहेबांचा प्रश्न मिटला होता, तरी होतं. कशासाठी ते तू समजून घे, मी लिहीत नाही. रोज सातला कूलरपाशी जाऊन तापमान लिहायचो. आत कुणी नव्हतं, तरी तक्ता असतो. एका सकाळी मी काट्याकडे न बघताच चार लिहिलं. नंतर बघितलं तर नऊ होतं, कंप्रेसर बंद पडला होता. त्या दिवशी आत कुणी नव्हतं, पण असतं तर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कामातून गेलोय, आणि या माणसाजवळ असली वस्तू राहू देणं बरोबर नाही. एखाद्या हेल्परचं असं झालं असतं तर मी त्याच्या हातातून पानासुद्धा काढून घेतला असता.

मी ते वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावून कापलं. गुरुवारी दुपारी सुरू केलं. ॲल्युमिनियमची फ्रेम अर्ध्या तासात कापून झाली असती. पोलादाने तीन ब्लेडं खाल्ली. नळीला हॅक्सॉ लागेना, ती ग्राइंडरवर घासली. शनिवारी उरलेलं पुरं केलं. सगळे मिळून एकोणीस तुकडे झाले. ते डब्यात घालून संध्याकाळी कोळ्यांच्या धक्क्यावर गेलो. पाण्यावर तेलाचा जाड तवंग होता, होड्या सगळ्या काठाला ओढलेल्या. मी थोड्याथोड्या अंतरावर जाऊन तुकडे सोडले. पाण्यातून आवाजसुद्धा आला नाही. एक म्हातारा कोळी जाळ्यावर बसून होता. त्याला वाटलं मी मासळीला आलोय. हात हलवून म्हणाला, ‘माफी समक. खलास.’ म्हणजे मासे नाहीत, संपलं. मी म्हणालो, हो.

त्यालाही आता तीन आठवडे होतील. मी ठरवलं होतं की पुढचं काही कुणाला सांगायचं नाही. भाऊसाहेबांनी एक खोटं उभं केलं, त्यात माझी सुटका होती, आईला मुलगा राहत होता. तुला प्रश्न पडला होता, पण प्रश्न हळूहळू बोथट होतात असं मला वाटलं. उल्हासला त्रास झाला नाही, एवढं तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. त्या वायूने माणूस झोपेतच जातो. त्याच्या अंगावरची चादरसुद्धा सरकली नव्हती.

परवाचं तुझं पत्र मी ड्यूटीवर वाचलं, आणि तिथून बाहेर येऊन जिन्यावर बसलो. तू लिहिलं आहेस की अवंतीला विट्याच्या डॉक्टरांनी तपासलं, बापाला एकोणतिसाव्या वर्षी झटका आला म्हणजे हे रक्तात असणार, म्हणून कराडला नेऊन ईसीजीची पट्टी काढली. पट्टीत काही निघालं नाही, तरी जपायला सांगितलं. शाळेतली कवायत बंद केली. दोरीवरच्या उड्या बंद केल्या, दोरी आईने माळ्यावर टाकली. जिना चढताना कुणीतरी हात धरतं. सहा वर्षांची पोर खिडकीत बसून दुसऱ्या मुलींना खेळताना बघते, आणि रात्री छातीवर हात ठेवून झोपते, आत चालू आहे का ते बघायला. सुनीता, तिला काही नाही. उल्हासच्या हृदयाला काही नव्हतं, आपल्या घराण्यात कुणाच्याच नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. त्याला हार्ट अटॅक आला नाही, मी बंद केलेल्या खोलीत मी दिलेल्या हीटरने तो गेला. हे पत्र डॉक्टरांना दाखव. सोबत ती स्टोअरची चिठ्ठी ठेवली आहे, तीही दाखव. माझं नाव झाकू नकोस. आईला कधी आणि किती सांगायचं ते तू ठरव. सप्टेंबरात माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो, तेव्हा मी विट्याला यावं की नाही तेही तूच कळव, आणि नको असेल तर पत्र न पाठवलंस तरी मला समजेल. पण अवंतीला उद्यापासून, म्हणजे हे वाचशील त्या दिवसापासून, पळू दे. आता उठतो. दुपारचं जेवण राहिलंय, कणीक मळायला घेतो. दोनच पोळ्या करायच्या आहेत.

तुझाच,
रत्नाकरदादा